पेन्सिल अडते तिथे

...रबराचा भुगा, काळपट, बोटाखाली वळवला की त्याची बारीक सुरळी होते. भुग्याशेजारी दुमडलेलं वर्तमानपत्र, त्यावर पेन्सिल, आणि पेन्सिलीला टेकून ते रबर, एका कोपऱ्याने झिजलेलं. म्हणजे आजही ती बसली होती. खोडून खोडून बसली होती. खांद्यावरची पिशवी न उतरवताच त्याने पान पाहिलं. खाली त्याने रचलेलं शब्दकोडं, कोरं करकरीत. वरच्या कोपऱ्यात ते दुसरं, 'नवशिक्यांसाठी', आणि त्यातली जवळजवळ सगळी घरं बायकोच्या टपोऱ्या अक्षरांनी भरलेली.

इतकी वर्षं त्याच्या कोड्यांवर तिने भाजी निवडली, कपाटाच्या फळ्यांवर ते कागद अंथरले, एकदा तर ओल्या चपला वाळत ठेवल्या – आणि तेव्हा तो हसला होता, कारण त्याचं कोडं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हेच. मग आता काय झालं? आता पोटात का दुखतंय?

दुपारी कचेरीत त्याने त्या नव्या पोरीला टोमणा मारला होता. सोपं कोडं तीच रचते. संपादकांनी वरचा कोपरा तिला दिला, तोही त्याला न विचारता. "काय, आज कुठला कठीण शब्द? आई की बाबा?" ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती खुर्ची ओढून समोरच बसली.

"सर, कोडं झालं की मी आमच्या मावशीला देते आणि शेजारी बसून राहते. तिची पेन्सिल जिथे अडते, तिथली सूचना मी बदलते. पहिलं उत्तर चटकन यायला हवं हो, मग माणूस उठत नाही. आणि अवघड शब्द असलाच, तर त्याच्या आजूबाजूला सोपे ठेवायचे. ते त्याला ओढून काढतात."

मावशीला देते म्हणे! त्याने कुणाला दिलं होतं कधी? तो कोशातून कुणालाही येणार नाही असा शब्द शोधायचा, आधी तोच मांडायचा, आणि मग त्याच्याभोवती कुंपण...

पहिली सूचना त्याने वाचली. 'रोज होतो, कारण मात्र रोज नवं असतं.' खाली बायकोने लिहिलेलं: उशीर. सकाळी तो घाईघाईने बुटाच्या नाड्या बांधत असताना ती याच्यावरच खदखदून हसली होती – "अहो, हे तुमच्यावरच आहे!" त्या हसण्याचा त्याला हेवा वाटला होता, अगदी सरळ, लहान मुलासारखा हेवा. त्याच्या एकाही शब्दावर ती अशी हसली नव्हती.

उशीरच्या शेवटच्या अक्षरापासून एक आडवी ओळ अजून रिकामी होती. तीन घरं, पहिल्यात र. 'दुसऱ्याच्या चुका निस्तरतं, आपण मात्र झिजतं.' चांगली होती सूचना. मेली चांगली होती! त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावरचं रबर उचलून खिशात टाकलं.

"आलात? चहा ठेवलाय." ती पदराला हात पुसत आली. "एकच राहिलंय बघा."

"सांगू?"

"मुळीच नाही! तुम्ही सांगायला लागलात की शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटतं."

तो शेजारच्या खुर्चीत बसला. तिने एक अक्षर लिहिलं, मान हलवली, आणि पेन्सिल अडली. पेन्सिल अडली की तिची खालच्या ओठाची कड दाताखाली जाते – हे त्याला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत हे कसं माहीत नव्हतं?

"चुकलं. रबर कुठे गेलं?" तिने पान उचललं, खाली वाकून पाहिलं. "आत्ता इथेच होतं. अहो, माझं रबर पाहिलंत का?"

तो खुर्चीत पुढे सरकला. बोललीस की... आत्ता तूच बोललीस! तिला ते सुचावं असं त्याला वाटत होतं, जिवापाड वाटत होतं, आणि सुचलं की ती हसेल ते त्या पोरीच्या सूचनेवर, हेही त्याला दिसत होतं. खिशातलं रबर समोर ठेवायला कितीसा वेळ लागणार?

पुन्हा म्हण ना, तो मनात म्हणाला, एकदाच म्हण. आणि खिशातली मूठ आणखी घट्ट झाली.