गालावरची सावली

आमची नात गौरजा मुंबईला विजेच्या नियंत्रण कक्षात आहे. पुढच्या तासाभरात उन्हापासून किती वीज मिळेल ते आधी सांगायचं, हे तिचं काम. ढग येणार असला तर धरणावरची वीज तयार ठेवावी लागते. तिचं यंत्र आमच्या किनाऱ्यावरच्या ढगांना मात्र फसायचं. म्हणून रोज साडेदहाला ती तिच्या आज्याला फोन करायची. हे गच्चीवरून बघून सांगायचे, "सावली देवळाच्या कळसार इली. सड्यार बारा मिनटांनी." सौर पॅनेलं आमच्या घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहेत. बारा म्हणजे बारा!

मी शेजारी आमसुलं उलटत थापा मारायची. माझ्या सासऱ्यांनी एक ढगीण दाव्याला बांधली होती, रोज सकाळी तिची धार काढायचे, वगैरे. हे "हूं" म्हणायचे. हूं दिला नाही तर गोष्ट वाट चुकते.

वैशाखात एक दिवस ढगीण व्याली, तिचं वासरू उभं राहिलं, तेव्हा लक्षात आलं, बराच वेळ हूं आलेला नाही.

यांचं दिवसकार्य झाल्यावर गौरजानं विचारलं, "आजये, आता तू सांगशीत?"

सांगीन म्हटलं. माझ्या अधू डोळ्यांना कळस वर्षभर दिसत नाही, हे सांगितलं असतं तर साडेदहाचा फोन बंद झाला असता.

"ढग म्हशीएवढो. एक शिंग मोडलेला."

"शिंग रवांदे गो! सड्यार कधी पोचतलो?"

"आज काय येणा नाय."

काल असंच म्हणून फोन ठेवला आणि गालावरचं ऊन गेलं. गाल गार पडला. म्हणजे सड्यावरही काळोख.

संध्याकाळी तिचा फोन. साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं.

"आजये, कळस दिसता मा तुका?"

"गरुडासारखो!"

"आजये..."

"नाय गो बाय. गालाक कळता, पण ढग इल्यावर. येतलो तां कळणा नाय." मग तोंडातून निघालंच, "तुझ्या आज्याचा पण तसाच झाला. हातभर अंतरार बसलेलंय. गेल्यावर कळला."

 

आज साडेदहाला फोन वाजला.

"ढग रवांदे. त्या ढगणीची गोष्ट सांग."

मी सुरू केली. तिनं चार हूं दिले. ढगीण व्याली, वासरू उभं राहिलं, आणि पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली.

"आजये, मागसून करतंय हां."

"कर गो."

वासरू तसंच उभं आहे. मी उन्हाकडे गाल करून बसले आहे.