इंजिनातला रातकिडा

त्या सकाळी मी ठरवूनच तोंडाला कुलूप लावलं होतं. आदल्या दिवशी गॅरेजात एका गिऱ्हाइकासमोर मी बाबांच्या आधी बोलले होते. "पाण्याचा पंप वाजतोय," एवढंच. त्यावर बाबांनी हातातला पाना आपटला आणि म्हणाले, "मिस्त्री कोण आहे इथे? मध्ये तोंड घालायचं नाही." बारा वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहून इंजिनं उघडते आहे, कोपरापर्यंत हात काळे करते आहे, आणि तोंड घालायचं नाही! बरं, नाही घालत. मीही त्यांचीच मुलगी.

आणि नेमकी त्याच सकाळी आत्या गाडी घेऊन आली. चार लाख बारा हजार किलोमीटर पळालेली गाडी. घरात तिला सगळे म्हातारीच म्हणतात. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांनी अकराची वेळ दिली होती, दवाखाना उताराखालच्या शहरात होता, आणि म्हातारी सकाळपासून झटके खात होती.

झटक्यांचं कारण बाबांना दहा मिनिटांत सापडलं. इंजिन चालू ठेवून ते प्लगच्या वायरी एकेक करून काढत गेले. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन अडखळतं. तिसरी काढली तर इंजिनाला पत्ताच नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीपासूनच सुट्टीवर होता. त्याची वायर चिरली होती, ती बदलली आणि इंजिन एका लयीत चालायला लागलं. कितीही राग असला तरी असं काम बघताना मला बाबांचा अभिमान वाटतो, काय करणार.

"आणि दादा, तो रातकिडा?" आत्याने विचारलं. "आतून चिर्र चिर्र करतो. आधी फक्त सकाळी करायचा, आता दिवसभर गप्प बसत नाही."

बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनावर, मूठ कानाला. त्यांना सगळे कानवाले मिस्त्री म्हणतात ते यामुळेच. त्यांनी टोक इकडे टेकवलं, तिकडे टेकवलं, आणि नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. ही त्यांची खोडच आहे, ऐकताना माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, 'ऐकलंस ना, शीक जरा,' असं त्यांना म्हणायचं असतं.

मला तो रातकिडा स्वच्छ ऐकू येत होता. बेल्टच्या बाजूला, झाकणाच्या आत. एरवी माझ्या कपाळाला आठी पडली असती. त्या दिवशी मी चेहरा भिंतीसारखा ठेवला. मिस्त्री तुम्ही ना? मग सांगा तुम्हीच.

"काही नाही," बाबा म्हणाले. "वय झालं की कुरकुर असतेच. तुझी नाही का? जा घेऊन."

आत्या हसली. आई पुढच्या सीटवर बसत म्हणाली, "चला वन्सं, बापलेकीचा आज अबोला आहे. इथे थांबलो तर आपल्यालाच ऐकावं लागेल."

गाडी गेली. मी मागे हात धुवायला गेले. साबण लावेपर्यंत आईचा फोन वाजायला लागला. त्याची रिंग म्हणजे एका पक्ष्याचा कर्कश चिवचिवाट आहे, आईला आवडतो म्हणून आम्ही सोसतो. फोन विसरली वाटतं, बाबा उचलतील, असं म्हणून मी हात चोळत राहिले. रिंग थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. मला संतापच आला. माझ्यावरचा राग आईच्या फोनवर कशाला?

मी आत आले तेव्हा तो तिसऱ्यांदा वाजत होता. कामाच्या टेबलावर, बाबांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. बाबा जुने प्लग घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. हात थांबला नाही. भुवईसुद्धा हलली नाही. मी पोचेपर्यंत रिंग बंद झाली.

"बाबा, फोन वाजत होता."

"कुठला?" ते म्हणाले, आणि फोनकडे असे बघायला लागले, जणू तो तिथे कुणी आत्ताच आणून ठेवला असावा.

बाबांनी रातकिडा ऐकून सोडून दिला नव्हता. त्यांना तो ऐकूच आला नव्हता.

पडद्यावर आत्याचे तीन मिस्ड कॉल होते. फोन कुठे राहिला ते बघायला आईनेच लावले असणार, उतार लागायच्या आधी, पेट्रोल पंपावर थांबून. मी उलट फोन केला. रिंग वाजत राहिली. गाडी चालवताना आत्या फोन उचलत नाही, आणि त्याबद्दल आम्ही नेहमी तिचं कौतुक करतो.

"बाबा," मी म्हणाले, "आत्याच्या गाडीत खरंच रातकिडा आहे."

"कुठल्या बाजूला?"

"बेल्टच्या. झाकणाच्या आत."

त्यांचा चेहरा उतरला. मला जे आठवलं तेच त्यांनाही आठवलं होतं. मागे म्हातारीचा टायमिंग बेल्ट बदलला तेव्हा बेल्ट ताणून धरणारी पुली मिळाली नव्हती. जुनीच बसवली, पुढच्या वेळी बघू म्हणून. ती पुढची वेळ आलीच नाही. त्या पुलीचं बेअरिंग अडकलं की बेल्ट तुटतो, इंजिन जागच्या जागी मरतं. सपाट रस्त्यावर ढकलत न्यावी लागते, इतकंच. उतारावर स्टिअरिंग जड होतं आणि दोनतीनदा दाबला की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. म्हातारी मेल्याचं दुःख नव्हतं, पण तिच्या पोटात माझी आई आणि आत्या होत्या.

मी टेंपो बाहेर काढला. बाबा पाना आणि टॉर्च घेऊन चालत्या टेंपोतच चढले. पंप गेला, उतार लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. मी एका हाताने फोन लावत होते, बाबा डाव्या दरीकडे बघत होते. ते काय शोधताहेत हे मला कळलं आणि मी विचारलं नाही. मी सकाळपासून दिलेली एकेक शिवी मनात परत घेत होते.

चौथ्या वळणानंतर म्हातारी दिसली. मी हॉर्न दाबून धरला, दिवे मारले. आत्याने आरशात बघितलं, गाडी थोडी कडेला घेतली आणि खिडकीतून हात हलवला. म्हणजे, घाई असेल तर जा पुढे! मी ओरडले, बाबा कमरेपर्यंत बाहेर वाकून ओरडले. शेवटी मी पुढे काढून वेग हळूहळू कमी केला. मागे आत्याही हळू होत गेली. पुढच्या वळणाच्या तोंडाशी दोन्ही गाड्या थांबल्या.

"बंद कर! आधी बंद कर!" बाबा धावत गेले.

"अरे, फोन द्यायला एवढं?" आई उतरत म्हणाली. कुणीच हसलं नाही.

मी मागच्या चाकांना दगड लावले आणि झाकण खोललं. पुली बोटाने हलवली तर हलत्या दातासारखी डुलली. बेल्ट एका कडेने कुरतडला जाऊन निम्म्या रुंदीचा उरला होता. त्याच्या चिंध्या माझ्या तळहातावर आल्या. मी त्या बाबांसमोर धरल्या. समोर अजून सात वळणं होती.

बाबा कठड्यावर बसले. मी शेजारी बसले.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"बारीक आवाज? झाली दोन वर्षं. जाड आवाज येतात अजून."

"मग दोन वर्षं गाड्या कशा बघितल्या?"

"तुझ्या तोंडाकडे बघून." त्यांनी हातातला पाना उगाच पुसला. "तुझ्या कपाळाला आठी पडली की काहीतरी आहे. तू जिकडे बघशील तिकडे आहे. तू बोललीस तर लोकांना कळेल, म्हणून बोलू नको म्हटलं. आठी घालू नको असं कधी म्हटलं का मी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"आज तुझं तोंड सरळ होतं. म्हटलं, काही नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. आई आणि आत्या दोन पावलांवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. आईच्या हातात दवाखान्याची फाइल होती आणि ती डोळे बारीक करून आमच्याकडे बघत होती.

"मला ऐकू येत होतं, बाबा," मी पुटपुटले. "पहिल्यापासून येत होतं."

बाबा माझ्याकडे वळले. कानामागे हात धरून माझ्या ओठांकडे बघायला लागले.

"काय म्हणालीस? जरा मोठ्याने बोल."