दरफाळणीच्या दिवशी वाजलेलं दार

गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला रिव्का झिराडकरने दाराची कडी काढली, तेव्हा समोरच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. टीव्ही चालू होता, आवाज बंद. उंबऱ्याबाहेर जोतीराम आबांची एक चप्पल पडली होती. दुसरी चार पायऱ्या खाली, उलटी.

रिव्काच्या हातात मनुकांच्या सरबताचा तांब्या होता. उपास सुटला की पहिला पेला समोरच्या घरी, असं तिनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तिच्या पाठीमागे सात वर्षांची नाओमी आणि चार वर्षांचा योएल, दोघं पांढऱ्या कपड्यांत, पेला कोण नेणार यावरून ढकलाढकली करत होती.

"आबा," तिनं हाक मारली. मग, "आजी."

खालून तळमजल्यावरची दाक्षायणी धापा टाकत वर आली.

"अक्का, तुम्ही घरातच होता?"

"काय झालंय?"

"आबांना आमच्या मंजुनाथनं रिक्षातून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडले होते. अंग घामानं निथळत होतं, बोलत नव्हते. आता फोन आला त्याचा. वाटेतच श्वास थांबला होता म्हणे. मशीनवर ठेवलंय."

"कधी नेलं?"

"झाला की तास-सव्वा तास. आजी रूपाभवानीच्या देवळात गेल्या होत्या, त्या तिथूनच गेल्या."

रिव्का स्वतः नर्स. अतिदक्षता विभागात तिची आठ वर्षं गेली होती. 'मशीनवर' या शब्दाचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पावसाळ्यात आबांना हृदयविकाराचा पहिला झटका आला, तेव्हा जिभेखाली गोळी ठेवून, स्कूटरवर मागे बसवून तिनंच त्यांना नेलं होतं. घरी आल्यावर बजावलं होतं, "आबा, पुन्हा दुखलं तर कुणाची वाट बघायची नाही. आधी माझं दार वाजवायचं. रात्र असो, काही असो."

"वाजवीन की," आबा म्हणाले होते. "पन तुजा नवरा काटी घिऊन आला मंजी?"

तो नवरा, शालोम, आज पुण्यात होता. दरफाळणीच्या, म्हणजे ज्यूंच्या योम किप्पूर या उपासाच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि सोलापुरात दहा बेने इस्रायली, मराठी ज्यू, शोधून सापडले नसते. योएलला ताप येऊन गेलेला, म्हणून रिव्का मुलांना घेऊन मागे राहिली. रेवदंड्याला तिची आजी करायची तसं घरीच करायचं तिनं ठरवलं. आदल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत दार लावायचं ते दुसऱ्या दिवशी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत उघडायचं नाही. चूल बंद, फोन बंद, बाहेरच्या माणसाशी बोलणं बंद. मोठ्यांना पाणीही नाही.

बुधवारी सोजरआजीला तिनं हे सांगितलं, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उपास आमाला बी ठावं हाय. पन दार लावून कशाला? देव पळून जातोय व्हय?"

"देव नाही आजी, मीच पळते. फोनकडे, ड्युटीकडे, फ्रीजकडे."

"मग लाव बाई. कडी बी घाल."

आजी आणि आबा सांगोल्याकडचे. मेंढरं विकून दोन वर्षांपूर्वी सात रस्त्याजवळच्या या फ्लॅटवर आले. फ्लॅट मुलाचा, सयाजीचा. तो टेंभुर्णीला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात, महिन्यातून एकदा यायचा. नाओमी आणि योएल शाळेतून आली की रिव्काची ड्युटी संपेपर्यंत आबांच्या घरीच असायची.

यंदा दरफाळणी नेमकी दसऱ्याला आली. दुपारी चारपासून दार वाजायला लागलं. सोसायटीतली पोरं आपट्याची पानं घेऊन येत होती. "काकू, सोनं घ्या." मुलांना गप्प बसवायला रिव्कानं सकाळीच त्याचा खेळ करून ठेवला होता. दार कितीही वाजलं तरी उघडायचं नाही, जो उघडेल तो आऊट. फार झालं तर आतूनच सांगायचं, "उद्या या." पहिल्या दोन वेळा योएल दाराकडे धावला आणि नाओमीनं त्याला फ्रॉकच्या घेरात गुंडाळून मागे ओढलं. तिघंही तोंड दाबून हसली होती.

त्यानंतर रिव्का प्रार्थनेचं पुस्तक छातीवर ठेवून आतल्या खोलीत आडवी झाली. डोकं ठणकत होतं. कधी डोळा लागला, तिला कळलं नाही.

आता दाक्षायणी पोरांसाठी भात टाकते म्हणून खाली गेली. रिव्कानं कपाटातून फोन काढून चालू केला. चप्पल घातली. किल्ली शोधायला लागली. फोन वाजला. मेसेज होता. फोन बंद असताना आलेला कॉल, नाव जोतीराम आबा, वेळ पाच वाजून दहा मिनिटं.

"आबा आले होते," नाओमी म्हणाली.

रिव्काचा हात किल्लीवर थांबला.

"कधी?"

"तू झोपलीस ना, तेव्हा. योएलपण झोपला होता. त्यांनी दार वाजवलं. मी सांगितलं, आबा, आज दरफाळणी आहे, सोनं उद्या द्या."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, नामे, आईला उटव."

"मग?"

"मी म्हटलं, आईनं सांगितलंय कुणी आलं तरी उघडायचं नाही. मग ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं गेले. पण दाराला टेकले होते, दार असं हलत होतं. मग म्हणाले, बरं बाळ." नाओमीनं पेला दोन्ही हातांत धरला होता. "मी आऊट नाही झाले, आई."

रिव्का खाली बसली. आतल्या खोलीपासून दारापर्यंत दहा पावलं होती. रेवदंड्याची आजी दरवर्षी दार लावताना सगळे नियम सांगायची आणि शेवटी कडीवर हात ठेवून म्हणायची, "आणि कुणाच्या जिवावर बेतलं तर हे सगळं मोड. दार मोड, उपास मोड. देवाचाच हुकूम आहे तो." रिव्कानं नाओमीला एकूण एक नियम सांगितले होते. हा तेवढा नव्हता सांगितला. खेळात तो बसला नसता.

"आबांना काय झालंय?" नाओमीनं विचारलं.

"बरं नाहीये. मी बघून येते."

तिनं सरबत दोघांना पाजलं. स्वतः घोट घेतला नाही, तहान आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही. मुलांना दाक्षायणीकडे सोडून तिनं स्कूटर काढली.

दवाखान्याच्या बाकड्यावर सोजरआजी नव्या लुगड्यात बसली होती. पिशवीत देवळातला नारळ तसाच होता. मंजुनाथ औषधं आणायला गेला होता, सयाजी टेंभुर्णीहून निघाला होता. रिव्का शेजारी बसली. आजीनं तिचा हात ओढून मांडीवर घेतला.

"माजंच चुकलं, पोरी. सकाळी म्याच बजावलं त्येला, आज रिव्काचं दार वाजवू नगं, तिचा लई कडक सन हाय. लई आज्ञाधारक निगाला बग, येवड्या वर्सांत पैल्यांदा. न्हायतर तुला हाक मारली आसती की त्यानं."

रिव्का काचेच्या दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी वाजवलं होतं, आजी."

आजीनं तिच्याकडे वळून पाहिलं. "वाजीवलं हुतं?"

"मी झोपले होते. मला ऐकू आलं नाही."

"आन् पोरं?"

"झोपली होती."

आजीनं रिव्काचा हात सोडला नाही, पण तो आता नुसताच मांडीवर पडून होता. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "मला वाटत हुतं माज्या बोलन्यानं गेला. आता सुद आली की त्यालाच इचारते, किती येळ वाजवत हुतास म्हून. नामीला आन उद्या. डोळं उगडल्यावर आदी तिलाच हुडकंल त्यो."

रिव्का "हो" म्हणाली.

त्याच रात्री आबांच्या हृदयाची बंद नस उघडली. डॉक्टरांनी सयाजीला सांगितलं की हृदय सावरेल. श्वास थांबलेल्या वेळात मेंदूचं किती नुकसान झालं, ते शुद्ध आल्यावरच कळेल. रिव्कानं ड्युटीवर सुट्टी कळवली. पहाटे पुण्याहून परतलेल्या शालोमला तिनं सगळं सांगितलं, सोजरआजीशी बोललेल्या खोट्यासकट. तो म्हणाला, "आज जाऊन खरं सांगू." ती म्हणाली, "नाओमीचं नाव घेऊन?"

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आबांनी उजव्या हाताची बोटं हलवली, असं नर्सनं बाहेर येऊन सांगितलं. डोळे अजून उघडले नव्हते.