वीस मिनिटांची कात्री

आत्याचा आजार जाऊन चार महिने झाले होते. पण पाहुणा गेला आणि सामान इथेच ठेवून गेला, तसा थकवा मात्र मुक्काम ठोकून होता. वेणी घालायला हात वर केले की निम्म्यातच खाली घ्यावे लागत. सव्वा वर्ष अंथरुणात काढलेल्या या बाईला भेटेल तो म्हणायचा, "आता अगदी छान दिसताय हं!" अशा माणसाच्या एक कानाखाली वाजवावी असं आत्याला फार वाटायचं, पण तेवढं त्राण आणायचं कुठून?

"दमल्यावर बसायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "दमायच्या आधी बसायचं."

"म्हणजे जेवायच्या आधीच ढेकर द्यायचा?"

"तसंच समजा. आणि पावलं वाचवा. जिथे दोन पावलांत भागतं तिथे सहा टाकू नका."

आत्या पडदे शिवायच्या कारखान्यात कापणीला होती. कारखाना म्हणजे एक लांबच लांब खोली, तेवढंच लांब टेबल, तीन मशीन आणि कोपऱ्यात चहाची किटली. आधी तो तिच्या भावाचा होता, आता भाचीचा. कापणीचं टेबल मात्र तीस वर्षं आत्याचंच. तिची कात्री कुणी चुकून कागद कापायला घेतली, तर ती दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसे. भाचीशीसुद्धा! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आत्याला बघूनच म्हणत असावेत.

तिला कामावर परत घेताना भाचीने एक कोंबडी आणली. खरी नव्हे, स्वयंपाकघरात ठेवतात ती चावीची. मान पिळून आकड्यावर ठेवली की तेवढी मिनिटं टिकटिकायची आणि मग कर्रर्र करून सगळी खोली डोक्यावर घ्यायची. वीस मिनिटं काम, मग पंधरा मिनिटं टेबलाच्या कडेशी, खिडकीच्या समोरच्या बाजूला ठेवलेल्या बाकावर आडवं व्हायचं. पहिल्याच आठवड्यात आत्याने कोंबडीला फसवलं. कुणाचं लक्ष नाही बघून मान परत पिळली, पुन्हा पिळली, आणि सलग अडीच तास कापत राहिली. संध्याकाळी भलती खुशीत घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चमचा उचलता येईना. चार दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती.

पाचव्या दिवशी भाची उशाशी येऊन बसली. "आत्या, आता नीट ऐक. पुन्हा एकदा कोंबडीला फसवलंस ना, तर कात्री माझ्याकडे द्यायची आणि घरी बसायचं. मला तू हवी आहेस, पडदे नकोत."

आत्या एरवी भांडली असती. पण भाचीचे डोळे लाल झाले होते. "बरं," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण त्या रात्री तिने कात्री उशीखाली ठेवली होती.

आणि नेमकं तेव्हाच नाट्यगृहाचं काम आलं. नव्या नाट्यगृहाचा दर्शनी पडदा, लाल मखमलीचा, पाच मीटर उंच, आठ पट्टे जोडून केलेला. असं काम आयुष्यात एकदा येतं. शिलाईकाकांनी तर त्या दिवशी मशीनला तीनदा तेल घातलं. शिलाईकाका म्हणजे मशीनवर बसणारे, जाड भिंगाचा चष्मा लावणारे, आत्याइतकेच जुने गृहस्थ. मखमलीला लव असते, तिच्यावरून एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत लागते आणि उलटा फिरवला तर अडते. एखादा पट्टा उलटा लागला, तर दिव्याखाली तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. म्हणून कापणारा पट्ट्याच्या मागच्या बाजूला खडूने बाण काढतो. आत्याची पद्धत ठरलेली होती. खिडकीच्या बाजूने टेबलापाशी उभं राहायचं आणि बाण आपल्यापासून पलीकडे काढायचा. तीस वर्षांत तिचा एक बाण चुकला नव्हता.

पडदा शुक्रवारी सहाला न्यायचा होता. शुक्रवारी दीड वाजता आठही पट्टे जोडून झाले. वरची पट्टी आणि खालची दुमड तेवढी राहिली होती. काकांनी आणि भाचीने पडदा पहिल्यांदाच सुलटा करून टेबलावर पसरला आणि दोघं हरखून बघत राहिले.

"काका, बघा तरी! राजवाड्यात शोभेल!"

"राजाला परवडायला हवा," काका म्हणाले.

तेवढ्यात कोंबडी ओरडली. आत्या मुकाट्याने जाऊन बाकावर कुशीवर झाली. बाक उंच, टेबलापेक्षा जेमतेम चार बोटं खाली, त्यामुळे तिचा डोळा बरोबर मखमलीच्या पातळीला आला. खिडकीतून तिरपं ऊन पडलं होतं. लाल, लाल, लाल, मग एक फिकट गुलाबीसर पट्टा, मग पुन्हा लाल.

चौथा!

तिने डोळे मिटून उघडले. पट्टा तसाच. आणि मग तिला मंगळवार आठवला. तिसरा पट्टा कापून ती याच बाकावर आडवी झाली होती. उठल्यावर खिडकीपर्यंत फेरा कशाला, पावलं वाचवा म्हणून सांगितलंय ना, असं म्हणत ती बाकाच्या बाजूनेच टेबलापाशी उभी राहिली. आणि सवयीने बाण काढला आपल्यापासून पलीकडे, म्हणजे उलटा. सहा पावलं वाचवली आणि हे होऊन बसलं!

वरून बघणाऱ्या त्या दोघांना काहीच दिसत नव्हतं. उद्या नाट्यगृहातले दिवे लागले की सगळ्या गावाला दिसणार होतं. आणि बोल लागणार होता काकांना. पट्टा जोडताना फिरला असेल, चष्मा बदला आता, असंच सगळे म्हणाले असते. काकांनी ऐकूनही घेतलं असतं. आत्याने फक्त गप्प बसायचं होतं.

ती उठून बसली. "ए पोरी, इकडे ये. खाली वाक आणि बघ."

भाची वाकली. तिने चौथ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. काका चष्मा पुसायला लागले. "माझ्याकडूनच फिरला असणार," ते पुटपुटले.

"तुमच्याकडून काही नाही. बाण माझा आहे." आत्याने गळ्यातल्या दोरीतून कात्री काढली आणि भाचीपुढे धरली. "घे. मला आता जमत नाही हेच खरं."

भाचीने कात्री तिच्याकडेच परत सरकवली. मग म्हणाली, "मी काय म्हटलं होतं? कोंबडीला फसवलंस तर. फसवलंस?"

"नाही."

"मग? चुकलीस तर कात्री दे, असं कोण म्हणालं? माझ्या चुका मोजल्या असत्या तर हा कारखाना कधीच बंद पडला असता. गळ्यात अडकव ती. आणि सांग, काय करायचं?"

आत्याचा जीव भांड्यात पडला. अंगात असं काही संचारलं की तिला उभं राहून ओरडावंसं वाटलं. ती उभी राहिली नाही. पुन्हा आडवी झाली आणि झोपूनच ओरडली.

"दोन शिवणी उसवायच्या! पट्टा सरळच आहे, कापड नवं लागणार नाही. उलटून पुन्हा जोडायचा. काका, तुम्ही खिडकीकडून, ही दाराकडून! मखमल ओढू नका, टाका कापा. अहो काका, टाका म्हटलं, मखमल नव्हे!"

आणि मग जी धमाल उडाली! भाची उसवतेय, काका उसवताहेत, लाल दोऱ्यांचे तुकडे केसांत, भुवयांत, चहात. वीस मिनिटं आत्या टेबलाशी, पंधरा मिनिटं बाकावर, आणि बाकावरून तोंडाचा पट्टा चालूच. "आडवं व्हायचं म्हणजे तोंडानेही," भाचीने दटावलं. "तोंड दमत नाही," आत्या म्हणाली, आणि लगेच गप्प झाली, कारण ते खरं नव्हतं. तीन वाजता दुसरी शिवण सुटली. पट्टा फिरवला. आत्याने यावेळी खिडकीपर्यंत फेरा घातला, हात फिरवून लव बघितली, बाण काढला, दुसऱ्यांदा बघितली. काकांचं मशीन धडधडायला लागलं.

पाच वाजता पट्टा जोडून झाला, वरची पट्टीही लागली. पण मखमल मशीनखाली सरकतेच. तळाशी तीन पट्टे खालीवर झाले होते. ते एका रेषेत कापले की दुमड घालायला काकांना अर्धा तास पुरे. चार मीटरची एक सरळ कापणी. ती आत्याची.

तिने खडूची रेघ मारली, पुन्हा मोजली, पुन्हा मोजली. साडेपाचला दारात टेम्पो लागला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. आत्याने कात्री उघडली, कडेला लावली.

कर्रर्र!

कोंबडी अशी ओरडली की काका खुर्चीतून उडाले.

"राहू दे गं!" भाची ओरडली. "काप आत्या! पाचच मिनिटं! टेम्पो उभाय, मी बंद करते त्या मेलीला!" आणि तिने खरोखरच कोंबडीची मान धरली.

आत्याने कात्रीकडे बघितलं. टोक किंचित हलत होतं, जेमतेम दिसेल इतकं. ही थरथर तिला आता ओळखीची झाली होती. जुनी आत्या कापून मोकळी झाली असती. कदाचित रेघही चुकली नसती. पण नंतर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली असती, आणि तीस वर्षं हेच चाललं होतं. पडदे लागायचे, उद्घाटनं व्हायची, आणि आत्या घरी गळून पडलेली असायची. आपण कापलेला एकही पडदा तिने उघडताना बघितला नव्हता.

तिने कात्री मिटून टेबलावर ठेवली.

"सोड तिची मान. पंधरा मिनिटांवर लाव."

"आत्या!"

"नियम कुणी केला? तू. ड्रायव्हरला चहा दे."

ती बाकावर आडवी झाली. ड्रायव्हर आत डोकावला. "काय झालं? बाईंना बरं नाही का?"

"बरं वाटतंय म्हणूनच झोपल्यात," काका गंभीरपणे म्हणाले. ड्रायव्हरने निमूट कप हातात घेतला.

ती पंधरा मिनिटं सरता सरेनात. भाची नखं खात होती. काका सुईत दोरा ओवून काढत होते आणि पुन्हा ओवत होते. आत्या तेवढी खरोखर घोरली.

कोंबडी ओरडली. आत्या उठली, पाणी प्यायली, कात्री घेतली. टोक स्थिर होतं. चार मीटर! एकदाही न थांबता कात्री या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसरत गेली आणि खाली पडलेली लाल फीत एकसारखी रुंद होती. ड्रायव्हरनेच पहिली टाळी वाजवली. टेम्पो सहाऐवजी पावणेसातला सुटला आणि आभाळ काही कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह खचाखच भरलं होतं. पडद्यावर अजून अंधार होता आणि अध्यक्ष बोलत होते. बोलतच होते. आत्याच्या पर्समध्ये कर्रर्र झालं. पुढच्या रांगेतली चार डोकी वळली. आत्याने शांतपणे कोंबडीचा गळा दाबला आणि भाचीच्या खांद्यावर मान टाकली.

"भाषण संपलं की उठव."

भाचीने उठवलं तेव्हा दिवे पडद्यावर आले होते. आत्या पुढे सरकून बसली. डावीकडून मोजत गेली, मग उजवीकडून. सगळं एकच लाल. चौथा पट्टा कुठला, ते तिला स्वतःलाच ओळखता येईना.

मग पडदा हलला आणि हळूहळू वर सरकत गेला. आत्याने टाळ्या वाजवायला हात वर केले, पार डोक्याच्या वर, आणि पडदा पूर्ण उघडेपर्यंत ते खाली घेतले नाहीत.