वाडीची सतरंजी आणि एका दिवसाची सावड

पाय झटकून बसा, मित्रांनो. मी एक जुनी सतरंजी आहे आणि स्वभावाने जरा किरकिरी आहे. पण माझी हकीकत ऐकाल तर माझ्यावर रागावणार नाही.

धारूरच्या बायकांच्या एका सहकारी संस्थेत माझा जन्म झाला. सूतगिरणीत उरलेलं सूत त्यांना स्वस्तात मिळायचं. त्यातून केशरबाईंनी मला मागावर विणलं. माझे तांबडे-निळे पट्टे पाहून आपण लग्नाच्या मांडवात मिरवणार, अशी माझी समजूत झाली होती. प्रत्यक्षात मी आले डोंगराकडेच्या एका वाडीत, पत्र्याच्या एका खोलीच्या अंगणवाडीत. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीने माझ्यावर शू केली. मला फार अपमान वाटला. पुढे सवय झाली.

अंगणवाडीच्या सेविका होत्या कौशल्याबाई आणि मदतनीस रतनबाई. खोलीला रंग नव्हता, खाली नुसती माती होती, पण पोरं मात्र भरपूर. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप सहकारी साखर कारखान्यांचा ऊस तोडायला दूर निघून जात. पोरं आजीजवळ राहात, कारण अंगणवाडीत त्यांना गरम खिचडी मिळायची. ही सोय नसती तर त्यांनाही उसाच्या फडात, थंडीत पाचटावर झोपावं लागलं असतं.

ओढ्यापलीकडच्या गावातही एक अंगणवाडी होती. तिथे फरशी, भिंतीवर हत्ती आणि मोर, दारात कमान. तिथल्या सेविका गंगासागरबाई म्हणजे किराणा दुकानदार मन्मथप्पांच्या पत्नी. त्यांचं सगळं झकपक होतं, फक्त पोरं जेमतेम चार. गावातली बाकीची पोरं सकाळीच पिवळ्या गाडीत बसून सिरसाळ्याच्या इंग्रजी शाळेत जायची. मी मनातून त्या फरशीचा हेवा करायची, खोटं कशाला बोलू?

दोघी सेविकांची मात्र सावड होती. सावड म्हणजे आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. दुष्काळात बैल चारा छावणीत गेले, तरी सावड सुटली नाही. टँकर फक्त गावात यायचा. गंगासागरबाई वाडीसाठी पाणी भरून ठेवायच्या. त्यांच्याकडे कार्यक्रम असला की कौशल्याबाई मला डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायच्या.

अशाच एका दुष्काळात बातमी आली. पर्यवेक्षिका मॅडम दोन्ही अंगणवाड्यांची तुलना करणार आणि जिथे पोरं बसत नाहीत, ती अंगणवाडी दुसरीला जोडणार. आज गावाची तपासणी, उद्या वाडीची, असं कळलं होतं.

"आजच्या दिवस तुमची पोरं द्या, बाई," गंगासागरबाई म्हणाल्या. "उद्या माजी हायेत ती चार घेऊन मी येते."

"सावडच हाय आपली. न्हाई कावून म्हणू?" कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि पोरांसकट मलाही गावात नेलं.

फरशीवर मला अंथरलं. पोरांनी गाणी म्हटली, मॅडम खूश झाल्या. निघताना त्या म्हणाल्या, "जीप आहेच, तर वाडीचंही आजच उरकते."

कौशल्याबाई स्वयंपाकखोलीच्या दाराआड उभ्या होत्या.  वाडीत कुलूप आणि रिकामी खोली. मॅडम ते बघणार आणि वाडीची अंगणवाडी बंद होणार. तीन वर्षांची पोरं रोज ओढा ओलांडून कशी येणार? ती आईबापामागे फडातच गेली असती. पण कौशल्याबाईंनी तोंड उघडलं नाही. दिलेली सावड मोडायची कशी?

गंगासागरबाई मॅडमना दारापर्यंत पोचवायला गेल्या. मला वाटलं, आता या गप्प राहणार. त्या थांबल्या.

"मॅडम, वाडीला जाऊन काय करता? तितं कुलूप हाय. ही सतरंजी त्यांची, अन् पोरंबी त्यांचीच. माजी चारच हायेत."

मॅडम परत आल्या आणि चपला काढून माझ्यावर येऊन बसल्या.  मग म्हणाल्या, "तुमच्या घरात लहान मूल नाही?"

"हाय की. नात हाय."

"कुठे असते?"

गंगासागरबाईंनी सिरसाळ्याच्या रस्त्याकडे पाहिलं. नात पिवळ्या गाडीतून गेली होती.

मॅडमनी पोरांना जीपमधून वाडीत सोडलं आणि वाडीची अंगणवाडी कायम ठेवली. गावाला पोरं जमवायला दिवाळीपर्यंत मुदत दिली.

पुढचं रतनबाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टँकरचं पाणी आणायला गावात गेल्या होत्या. पिवळी गाडी दुकानासमोर थांबली आणि गंगासागरबाईंनी नातीला हाताला धरून खाली उतरवलं.

"कावून उतरवलं पोरीला?" मन्मथप्पांनी गल्ल्यावरून विचारलं.

"आदी आपलं लेकरू बसू द्या. मग लोकांची मागाया तोंड ऱ्हाईल," त्या म्हणाल्या आणि नातीला घेऊन अंगणवाडीकडे चालू लागल्या.

हे ऐकून कौशल्याबाई उठल्या. मग त्यांनी विळी घेतली आणि मला मधोमध कापलं. मला फार लागलं, मित्रांनो. रतनबाईंनी दोन्ही कडा शिवल्या आणि माझं अर्धं अंग गावात पोचतं केलं. "गार फरशीवर नात किती येळ बसंल?" एवढंच कौशल्याबाई म्हणाल्या.

आता वाडीतली पोरं माझ्यावर जरा दाटीने बसतात. गावातल्या तुकड्यावर पहिले काही दिवस ती नात होती आणि आधीची चार. पुढे दुकानाशेजारच्या घरातलं एक आलं, मग त्याचा भाऊ. माझे पट्टे विटले आहेत, तेव्हा मला उन्हात फार वेळ टाकू नका आणि ओढत नेऊ नका, उचलून न्या. कुठली अंगणवाडी चांगली, हे मात्र मला विचारू नका. तुमच्या घरातलं लेकरू आणून बसवा, मग सांगेन.