खुर्चीतला पाहुणा

श्यामरावांची काठी जिन्यावर वाजली तशी वृंदाने ‘पाहुणा उठेना’ हे पुस्तक कपाटातून काढलं आणि गणपतीच्या मखराच्या पुठ्ठ्यांमागे सरकवलं. मग पदर सारखा करून ती जागेवर बसली.

मंडळाचं वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट, दोन बाकं, आणि दर रविवारी बराकपूरहून आगगाडीने येऊन ते उघडणारी वृंदा. पुण्याहून वर्षातून एकदा पुस्तकांचं पार्सल यायचं आणि कलकत्त्यातली मराठी मंडळी त्याचा फडशा पाडायची. त्यातही सगळ्यांत जास्त हातांतून गेलेलं पुस्तक हेच. मुलीच्या साखरपुड्याच्या सकाळीच घरातल्या भाडेकरूचा कुणीतरी खून करतं. इतक्यात व्याही दारात येऊन ठेपतात, म्हणून घरचे त्या भाडेकरूला कोट-टोपी चढवून पाहुणा म्हणून आरामखुर्चीत बसवून ठेवतात. गोष्ट एवढीच, पण भल्याभल्यांची हसून मुरकुंडी वळली होती.

श्यामराव कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, तीन पिढ्यांचे कलकत्तेकर. गेल्या श्रावणात त्यांचा एकुलता एक मुलगा विनायक सियालदह स्टेशनजवळच्या एका गल्लीत मारला गेला. साल एकाहत्तर, नक्षलवाद्यांच्या आणि पोलिसांच्या धुमश्चक्रीचं. कुणी मारलं आणि का मारलं हे विचारायचं नाही, अशी शहरात रीतच पडून गेली होती. मंडळाचे चिटणीस दिगंबरपंत यांनी मात्र लगेच फर्मान काढलं, की श्यामरावांच्या हाती खुनाची कादंबरी पडता कामा नये. मंडळी मनापासून कामाला लागली. त्यांच्यासमोर ‘मरू दे’ म्हणायचीसुद्धा चोरी झाली. एकदा एकजण ‘भुकेने जीव चाललाय’ असं बोलून गेले, तर बायकोने त्यांना असा चिमटा काढला की ते जेवायचंच विसरले.

श्यामराव बाकावर टेकले. धाप ओसरल्यावर म्हणाले,

“ते ‘पाहुणा उठेना’ दे बघू.”

“ते बाहेर गेलंय, काका. मोकाश्यांकडे.”

“मोकाशी कालच भेटले. दिवाळीआधीच परत केलं म्हणाले.”

वृंदाने उगाच दोन-चार पुस्तकं इकडची तिकडे केली आणि एक अभंगांचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. श्यामरावांनी ते उघडलंही नाही.

“हे नको. येणारा प्रत्येकजण संतवाङ्मय घेऊन येतो. घरात बसायला जागा उरली नाही.”

“पण काका, त्यात...”

“खून आहे. ठाऊक आहे मला. दोनदा वाचलंय. विनूला मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून त्याला मोठ्याने वाचून दाखवलं होतं.” बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. “ते नवऱ्या मुलाचे मामा खुर्चीतल्या पाहुण्याला गोत्र विचारतात, तो बोलत नाही, आणि मामा म्हणतात—”

“‘माणूस मितभाषी दिसतो, घराणं चांगलं असणार!’” वृंदा बोलून गेली आणि फिस्सकन हसली. हसू बाहेर पडल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

श्यामरावही हसत होते. खांदे हलेपर्यंत हसले, मग चष्मा काढून उपरण्याने पुसू लागले.

“बघ ना, एका मेलेल्या माणसापायी घरादाराची केवढी धावपळ. त्याला उचला, त्याला लपवा, त्याची मान सावरा. स्वयंपाक करपतो, व्याही रुसतात. त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “विनू सकाळपासून दुपारपर्यंत गल्लीच्या तोंडाशी पडला होता. माणसं वळसा घालून ऑफिसला गेली. कुणाची काही पंचाईत झाली नाही.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. फळ्यावरचं गणित समजावून सांगावं तसं ते सांगत होते.

वृंदाला श्रावणातला तो सोमवार आठवला. उपास सोडायला पाटावर बसता बसता श्रीकांत, तिचा नवरा, म्हणाला होता, “आज सियालदहला एका गल्लीत कोणी पडलं होतं. मागच्या रस्त्याने ऑफिसला गेलो.” विनायकला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. तिने त्याच्या पानात भात वाढला होता आणि काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंडळाकडून निरोप आला, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या वाक्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आता तिला स्वतःची फार लाज वाटली.

ती उठली. मखराच्या पुठ्ठ्यांमागून पुस्तक काढलं, त्यावरची चमकी झटकली आणि श्यामरावांच्या हातात दिलं. ते कुठे होतं हे त्यांनी विचारलं नाही.

ऊन कलताना श्रीकांत तिला न्यायला आला. हल्ली बराकपूरचे सगळेच दिवेलागणीच्या आत घर गाठायचे. दारातूनच तो म्हणाला, “आटप, गाडी चुकेल.” मग बाकावर पुस्तक वाचत बसलेले श्यामराव त्याला दिसले. तो वृंदाजवळ येऊन कुजबुजला,

“ते कशाला दिलंस?”

“त्यांना हवं होतं.”

“अगं, पण त्यांच्या मनाला—”

“विनायकला वळसा घालून लोक ऑफिसला गेले, असं सांगत होते.”

श्रीकांतने तिच्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे. खाली ट्राम खडखडत गेली. तिने कपाट लावलं, कुलूप घातलं, पिशवी उचलली. तो जागचा हलला नाही.

“कोण, श्रीकांत का? ये, ये. हे ऐक!” श्यामरावांनी बाकावर थाप मारली.

श्रीकांत गेला आणि त्यांच्या शेजारी बसला. श्यामराव मोठ्याने वाचू लागले. मामा आले, गोत्र विचारून झालं, पाहुण्याची टोपी घसरली. एका वाक्याला श्रीकांत हसला, पुढच्याला हसला नाही. पान उलटलं तेव्हा त्याने एकदा मनगटावर पाहिलं, आणि शर्टाची बाही घड्याळावर ओढून घेतली.

“अहो, आपली गाडी,” वृंदा हलकेच म्हणाली.

“मरू दे गाडी.”

शब्द तोंडून गेला आणि श्रीकांतने ओठ मिटले. श्यामरावांनी वाचायचं थांबून त्याच्याकडे पाहिलं.

“अंधार पडेल रे. पंचाईत होईल तुमची.”

“होऊ दे, काका,” श्रीकांत म्हणाला. “वाचा तुम्ही.”

वृंदाने पिशवी खाली ठेवली आणि दिवा लावला.