मागची पावलं

"अहो, दोरी सोडू नका. साडी ओली आहे अजून."

"असू दे, आत पसर." राखणदाराने बोलता बोलता गाठ सोडलीसुद्धा. "मालकांचा फोन होता. पाहुणे येतायत संध्याकाळी."

बायकोने साडी खांद्यावर टाकली. तळ्याकाठच्या त्या विश्रामगृहातला त्या दोघांचा आज शेवटचा दिवस, आणि तो नेमका पाहुण्यांविना रिकामा होता. उद्या टेम्पो येणार, सामान भरायचं आणि शहरात लेकीकडे कायमचं जायचं. तिथे खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. म्हणून तिने नवऱ्याकडे एकच मागणं मागितलं होतं, सूर्य बुडेपर्यंत दोघांनी काठावर बसायचं, पाहुण्यांसारखं. तो हो म्हणाला होता. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं.

मालकांचा नियम एकच, पण कडक. लोक इथे येतात ते माणसांना कंटाळून, तेव्हा काठावरून त्यांना माणसाचा मागमूस दिसता कामा नये. म्हणून पाहुणे असले की धुणं आत, रेडिओ बंद, तळ्याकडची खिडकी लावलेली. रोज पहाटे राखणदार पानांच्या फांदीने काठावरची वाळू सारखी करायचा, उलटं चालत, स्वतःची पावलंही पुसत. लेक लहानपणी रडली की हिला तिच्या तोंडावर हात ठेवावा लागे. पाहुणे नसत तेव्हा त्यांच्या चादरी धुवायच्या असत. तळं दारात, आणि हिने ते जन्मभर खिडकीच्या फटीतून पाहिलं. त्याचा तिला राग होता. अजूनही होता.

"संध्याकाळला अवकाश आहे. चला," ती म्हणाली.

तो निघाला, पण फांदी घेऊनच. तिला हसू आलं. माणूस मेला तरी फांदी सोडायचा नाही.

तिने पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. पलीकडच्या झाडांवर बगळे उतरत होते.

"इतकं मोठं आहे होय हे?" ती म्हणाली. "फटीतून लहानच वाटायचं."

 सूर्य झाडांना टेकला, तेवढ्यात वरच्या वाटेवर गाडीचं दार लागलं.

"ऊठ," तो म्हणाला.

"बसू द्या की. बुडेलच आता."

"अगं, मालकांना कळलं तर?"

"उद्या काय करणारेत ते? काढून टाकतील?"

 तो नुसताच उभा राहिला, फांदी या हातातून त्या हातात करत. त्याचा तो चेहरा बघून तीच उठली. जन्मभर त्याचं भय सांभाळलं, मग आज कशाला हट्ट, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचंच जास्त वाईट वाटलं.

ती घराकडे चालू लागली. मागून फांदीचा खसखस आवाज येत होता. तिने वळून पाहिलं नाही.

पाहुणे भली माणसं होती. हळू बोलत होती, कचऱ्याची पिशवीही घरून आणली होती. लावलेल्या खिडकीतून तिला पाहुण्या बाईंचा आवाज आला.

"किती सुंदर! कुणी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही इथे."

"हो ताई," राखणदार म्हणाला.

तो घरात आला तेव्हा अंधारून आलं होतं. ती बांधलेल्या वळकटीवर बसली होती. दारापासून तिथपर्यंत फरशीवर तिची ओली पावलं उमटली होती. सवयीने त्याने फांदी उचलली. मग ती दाराबाहेर ठेवली आणि भिंतीला अंग घासत, एकाही पावलावर पाय न देता, तिच्याजवळ येऊन बसला.

पावलं एकेक करून वाळत गेली. दोघं बघत राहिले.